‘५जीआय’चा बळी कोणीही घेतलेला नाही

६जीची चर्चा सुरू झाल्यापासून एक मजकूर थोड्याफार फरकाने मराठी समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : भारताने ‘५जीआय’ नावाचे स्वतःचे ५जी मानक तयार केले आणि त्याला संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेने मान्यता दिली. खेड्यांसाठीची जी चाचणी परदेशी ५जीला झेपली नाही, ती आपल्या मानकाने पार केली. एकाच टॉवरने तिप्पट अंतर व्यापले असते, गावोगावी ५जी पोहोचले असते आणि परदेशी कंपन्यांच्या घशात जाणारी रॉयल्टी वाचली असती. पण त्या कंपन्यांनी आणि त्यांच्या तालावर नाचणाऱ्या देशी मोबाइल कंपन्यांनी दबाव आणून हे मानक गाडले. चीनने मात्र स्वतःचेच मानक रेटले, म्हणून तो आज पुढे आहे. तेव्हा निदान ६जीसाठी तरी भारताने वेगळ्या मानकाचा हट्ट धरावा.

या मजकुरातील पहिली दोन विधाने खरी आहेत, आणि बाकीचा सगळा मजकूर त्यांच्याच आधाराने पटवला जातो, म्हणून आधी खऱ्याला खरे म्हणणे भाग आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, ५जीसाठी ‘आयएमटी-२०२०’ या नावाने किमान निकष ठरवले होते. त्या निकषांत बसणाऱ्या तंत्रज्ञानांची नोंद करणारी ‘एम.२१५०’ ही शिफारस फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात तीन तंत्रज्ञाने होती : दोन ‘थ्रीजीपीपी’ या जागतिक मानक-व्यासपीठाची आणि तिसरे भारताच्या टीएसडीएसआय या मानक-संस्थेचे ५जीआय. त्यामागे आयआयटी मद्रास, वायरलेस तंत्रज्ञानाचे उत्कृष्टता केंद्र असलेली सीईडब्ल्यूआयटी ही संस्था आणि आयआयटी हैदराबाद यांच्या संशोधकांचे काम होते. हे काम भुक्कड होते असे म्हणण्याचा येथे अजिबात हेतू नाही. उलट त्या कामाचे नेमके यश कशात होते हेच या मजकुराने झाकून टाकले आहे.

आयटीयूची मान्यता म्हणजे श्रेष्ठतेचे प्रमाणपत्र नव्हे. आयटीयू निकष ठरवते, प्रस्ताव मागवते, स्वतंत्र गटांकडून त्यांचे मूल्यमापन करून घेते आणि जो किमान निकष पार करील त्याचे नाव यादीत घालते. यादीतल्यांपैकी कोणते तंत्रज्ञान चांगले, कोणते स्वस्त, कोणाचे फोन बाजारात मिळतील, यावर ती काहीही बोलत नाही. याच यादीच्या पुढच्या आवृत्तीत घरातल्या कॉर्डलेस फोनच्या ‘डेक्ट’ घराण्यातले एक युरोपीय तंत्रज्ञानही दाखल झाले आणि त्यावर कोणत्याही देशाने आपले मोबाइल जाळे उभारलेले नाही. तिसऱ्या पिढीच्या वेळी अशाच यादीत पाच तंत्रज्ञाने होती, नंतर वायमॅक्सने घुसून ती सहा केली. आज त्यांतली बहुतेक इतिहासजमा झाली आहेत.

आता खेड्यांच्या चाचणीबद्दल. येथे या मजकुराने अर्धे सत्य घेऊन त्याला उलटे टांगले आहे, आणि म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे.

५जीच्या मूळ निकषांमध्ये ग्रामीण भागाचे जे चित्र गृहीत धरले होते ते युरोप-अमेरिकेचे होते : दोन टॉवरमधले अंतर १,७३२ मीटर आणि निम्मे ग्राहक ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारींमध्ये. भारतातले खेडे असे नसते. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या गावापर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना आहे, तिथे टॉवर उभा राहू शकतो, आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतला माणूस पायी किंवा सावकाश वाहनाने फिरतो. म्हणून भारताने आयटीयूमध्ये ‘कमी वेग, मोठा पेशी-विस्तार’ (पेशी म्हणजे एका टॉवरने व्यापलेले क्षेत्र) अशा चाचणीचा आग्रह धरला : ७०० मेगाहर्ट्झची पट्टी, टॉवरमधले अंतर ६ किलोमीटर, पायी चालणाऱ्याचा वेग ताशी ३ आणि वाहनाचा ३० किलोमीटर. २०१७ मध्ये ही चाचणी निकषांत समाविष्ट झाली आणि तीही ऐच्छिक म्हणून नव्हे. ग्रामीण गटात उत्तीर्ण होण्यासाठी ती पार करणे प्रत्येक प्रस्तावाला बंधनकारक झाले. जगातल्या प्रत्येक ५जी प्रस्तावाला विदर्भातल्या किंवा बुंदेलखंडातल्या गावासारख्या परिस्थितीत चालून दाखवावे लागले, हे भारतीय शिष्टमंडळाचे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे यश आहे, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनी छाती फुगवायचीच असेल तर ती यावर फुगवावी.

परंतु नेमक्या याच कारणाने ‘परदेशी ५जी ही चाचणी पार करू शकले नाही’ हे विधान टिकत नाही. चाचणी बंधनकारक होती आणि थ्रीजीपीपीची दोन्ही तंत्रज्ञाने मंजूर झाली, याचा अर्थच असा की ती तिच्यात उत्तीर्ण झाली. थ्रीजीपीपीने आपल्या स्व-मूल्यमापन अहवालात या ६ किलोमीटरच्या चाचणीचे आकडे दिले आहेत आणि आयटीयूच्या प्रक्रियेत ते ग्राह्य धरले गेले. ५जीआयच्या बाजूचा म्हणण्याजोगा दावा एवढाच होता की आपले तंत्र अशा परिस्थितीत अधिक चांगली कामगिरी करते. तो दावा तपासण्याजोगा होता. पण ‘अधिक चांगले’ आणि ‘दुसऱ्याला जमलेच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग हे तंत्र काय होते? टॉवर आणि फोन यांच्यातल्या संभाषणात कमकुवत बाजू नेहमी फोनची असते. टॉवर दहा-वीस-चाळीस वॅट शक्तीने बोलू शकतो, फोनला साधारणपणे ०.२ वॅटची मर्यादा असते. त्यामुळे लांबच्या वस्तीवर फोनला टॉवर ‘दिसतो’, दांड्याही दिसतात, पण फोनचे म्हणणे टॉवरपर्यंत पोहोचत नाही. त्यातच ४जी-५जीच्या लहरींची रचना अशी असते की तिची सरासरी पातळी कमी आणि अधूनमधून येणारे सुळके फार उंच असतात. कमानीखालून पालखी नेताना कळसाच्या उंचीपायी सगळी पालखीच खाली घ्यावी लागते, तसे या सुळक्यांपायी फोनच्या प्रवर्धकाला, म्हणजे लहरींची शक्ती वाढवणाऱ्या भागाला, आपली सगळीच पातळी खाली आणावी लागते. ‘पाय बाय टू बीपीएसके’ नावाच्या मांडणीला विशिष्ट आकार दिला की हे सुळके जवळजवळ सपाट होतात आणि फोन त्याच प्रवर्धकातून अधिक शक्तीने, समजा ०.२ ऐवजी ०.४ वॅटने, प्रक्षेपण करू शकतो. ५जीआयचा गाभा हा होता.

ही शक्ती दुप्पट झाल्याने अंतर किती वाढते याचे गणित कोणालाही करता येईल. मोकळ्या ग्रामीण भागात लहरींची शक्ती अंतराच्या साधारण साडेतीनाव्या घाताच्या प्रमाणात घटते असे धरले तर शक्ती दुप्पट केल्याने अंतर सुमारे २२ टक्क्यांनी वाढते आणि व्याप्त क्षेत्रफळ सुमारे दीडपट होते. अंतर दुप्पट करायचे तर शक्ती ११ पट करावी लागेल. फिरत्या मजकुरातले ‘तिप्पट अंतर’ बहुधा १,७३२ मीटर आणि ६ किलोमीटर या दोन आकड्यांच्या भागाकारातून आलेले आहे. तो भागाकार साडेतीनच्या आसपास येतो खरा, पण ते दोन वेगळ्या चाचण्यांचे गृहीतक आहे, एका तंत्राने दुसऱ्यावर केलेली मात नाही. केवळ फोनची शक्ती वाढवून एवढा फरक भरून काढायचा तर ती सुमारे ७७ पट करावी लागेल, आणि असा फोन कोणी खिशात ठेवणार नाही. शिवाय या मांडणीत प्रत्येक चिन्हामागे, म्हणजे लहरीच्या एका ठोक्यामागे, एकच बिट जातो, तर टॉवरजवळचा फोन एका चिन्हात सहा किंवा आठ बिट पाठवतो. म्हणजे वस्तीच्या टोकावरच्या माणसाचा संपर्क तुटायचा तो टिकेल. त्याला शहरासारखा वेग मिळेल असे नाही. दीडपट क्षेत्रफळ हा अभियांत्रिकीत मुळीच क्षुल्लक लाभ नव्हे. पण तो लाभ म्हणजे क्रांती नव्हे आणि तसे त्याच्या जनकांनीही म्हटल्याचे दिसत नाही.

‘स्वतःचे मानक’ या शब्दप्रयोगाबाबतही स्पष्टता हवी. ५जीआय हे कोऱ्या पाटीवर लिहिलेले मानक नव्हते. थ्रीजीपीपीचे ५जी रेडिओ मानक पायाला घेऊन त्यात ग्रामीण पल्ल्यासाठी हव्या असलेल्या सुधारणा घातलेले ते रूप होते. यात कमीपणा काहीच नाही. टीएसडीएसआय ही स्वतः थ्रीजीपीपीच्या सात भागीदार संस्थांपैकी एक आहे; इतर सहा युरोप, अमेरिका, चीन, दक्षिण कोरिया यांच्या प्रत्येकी एक आणि जपानच्या दोन आहेत. म्हणजे ज्याला हा मजकूर ‘परदेशी ५जी’ म्हणतो, त्या व्यासपीठावर भारत भागीदार म्हणून बसलेला आहे.

रॉयल्टी वाचली असती हा मुद्दा येथेच कोसळतो, कारण पाया थ्रीजीपीपीचा असेल तर त्या पायावरची पेटंटेही त्यासोबत येतात. लहरींची मूळ मांडणी, चुका दुरुस्त करणारे संकेत, टॉवर बदलण्याची पद्धत हे सगळे ५जीआयच्या फोनमध्येही असतेच. नोकियाने ५जी फोनमागे ३ युरो, एरिक्सनने जास्तीत जास्त ५ डॉलर आणि चीनच्या हुआवेने जास्तीत जास्त अडीच डॉलर असे दर जाहीर केलेले आहेत. भारतीय सुधारणा जोडल्याने त्यातला एकही दर कमी झाला नसता. त्यात ५जीचा फोन हा ४जीचाही फोन असतो, त्यामुळे ४जीची पेटंटेही त्यात असतातच. आता उत्पन्नाची बाजू पाहू. भारतीय संशोधकांच्या पेटंटवर रॉयल्टी मिळायची असेल तर ते तंत्र जगभरच्या फोनमध्ये असले पाहिजे. केवळ भारतात चालणाऱ्या मानकातल्या पेटंटची वसुली केवळ भारतीय ग्राहकाकडूनच झाली असती, आणि तिला परकीय चलनाची बचत म्हणणे अवघड आहे.

आता ‘गाडले’ या आरोपाकडे वळू. घटनाक्रम असा आहे. ४ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना ५जीच्या चाचण्यांची परवानगी दिली, तेव्हा सरकारच्याच निवेदनात ५जीआयच्या चाचण्याही कराव्यात असे प्रोत्साहन होते. त्यामुळे सरकारने सुरुवातीपासून पाठ फिरवली असे म्हणता येत नाही. मोबाइल कंपन्यांचा विरोध होता, आणि तो लपूनछपून नव्हता : एअरटेलचे तेव्हाचे प्रमुख गोपाल विट्टल यांनी वेगळे मानक भारताला जागतिक व्यवस्थेपासून तोडील असे जाहीरपणे म्हटले होते. ५जीआयच्या समर्थकांचे म्हणणे असे की बदल मुख्यतः सॉफ्टवेअरचा आहे. विरोधकांचे म्हणणे असे की चिप, टॉवरवरची उपकरणे आणि चाचणी-यंत्रणा या सगळ्यांना हात लावावा लागेल. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये ५जीआय आणि जागतिक ५जी यांचा मेळ थ्रीजीपीपीच्या १७ व्या आवृत्तीत घालण्यावर सहमती झाली, आणि ५जीआयची वेगळी वाट तिथे थांबली. १७ वी आवृत्ती २०२२ च्या मध्यावर पूर्ण झाली आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत भारतातील ५जी सेवेचे उद्घाटन झाले. ज्या मानकाचा गाभा जागतिक मानकात सामावला गेला त्याला ‘गाडले’ म्हणायचे असेल तर मग मानक-निर्मितीत जिंकणे म्हणजे काय, हे तरी सांगावे.

मोबाइल कंपन्यांचा यात स्वार्थ होता का? होता, आणि तो उघड आहे. त्यांना उपकरणे दोन-तीन जागतिक विक्रेत्यांकडून तयार आणि स्वस्त हवी होती. पण या ठिकाणी त्यांचा स्वार्थ आणि ग्राहकाचे हित एकाच दिशेला होते, आणि ते समजण्यासाठी फार लांब जायला नको. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने देशभर सीडीएमए (तेव्हाच्या प्रचलित जीएसएमहून वेगळे मोबाइल तंत्रज्ञान) सेवा सुरू केली आणि पुढच्या वर्षी ‘मान्सून हंगामा’त ५०१ रुपयांत फोन हातात दिला. तंत्रज्ञान म्हणून सीडीएमए जीएसएमपेक्षा अनेक बाबतींत सरस होते. एकाच पट्टीत अधिक ग्राहक मावत आणि आवाजही स्वच्छ असे. परंतु तो फोन कंपनीशी बांधलेला होता, त्यात दुसरे सिम चालत नसे, दुकानाच्या काचेतले नोकियाचे बहुतेक फोन जीएसएमचेच असत, आणि कंपनी बदलायची म्हणजे फोन फेकायचा. ज्या घरांनी तो फोन हप्त्याने घेतला होता त्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे खुद्द रिलायन्सलाच देशभर जीएसएम सेवा सुरू करावी लागली. सीडीएमए निदान अमेरिका आणि कोरियात तरी मोठ्या प्रमाणावर चालत होते. केवळ भारतात चालणाऱ्या ५जीच्या फोनची अवस्था काय झाली असती याचा अंदाज त्यावरून करता येतो. आखातातून किंवा अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या माणसाचा फोन गावी ५जीवर न चालणे हा त्यातला सर्वांत किरकोळ त्रास ठरला असता.

५जीआय असते तर गावोगावी नेटवर्क पोहोचले असते, हे विधान भावनेला सर्वाधिक हात घालते आणि वस्तुस्थितीपासून सर्वाधिक दूर आहे. ज्या ७०० मेगाहर्ट्झच्या पट्टीवर ती सगळी चाचणी आधारलेली होती, त्या पट्टीचे काय झाले ते पाहावे. २०१६ च्या लिलावात तिची राखीव किंमत प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये होती. एकाही कंपनीने बोली लावली नाही. मार्च २०२१ मध्ये किंमत ६,५६८ कोटींवर आणली. तरीही ती विकली गेली नाही. २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटींवर आली तेव्हा एकट्या जिओने १० मेगाहर्ट्झ घेतले. म्हणजे लांब पल्ल्याची, खेड्यासाठीच जणू निसर्गाने दिलेली पट्टी सहा वर्षे सरकारी तिजोरीत पडून होती आणि त्याला परदेशी मानक कारणीभूत नव्हते. बाकीची कारणेही सर्वपरिचित आहेत : टॉवरपर्यंत फायबर नसणे, अखंड वीज नसणे, जंगलातली परवानगी, आणि शंभर-दीडशे कुटुंबांच्या वस्तीवर टॉवरचा खर्च कधीही न निघणे. म्हणूनच नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांसाठी सुमारे ६,४६६ कोटींची योजना मंजूर केली, त्यात महाराष्ट्रही होता. ही गावे ५जीची नव्हे, ४जीची वाट पाहत होती. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरच्या माणसाला कोणत्या मानकाचे नेटवर्क येत नाही, याने काय फरक पडणार?

चीनचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरते सांगावे. तिसऱ्या पिढीत चीनने ‘टीडी-एससीडीएमए’ हे स्वतःचे मानक आणले, आयटीयूची मान्यता मिळवली आणि जानेवारी २००९ मध्ये देशातली सर्वांत मोठी कंपनी असलेल्या चायना मोबाइलवर ते सोपवले. तिच्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना मात्र जगभर चालणारी मानके मिळाली. परिणाम असा की चायना युनिकॉमच्या ग्राहकाला २००९ मध्येच अधिकृत आयफोन मिळू लागला आणि चायना मोबाइलच्या कोट्यवधी ग्राहकांना जानेवारी २०१४ पर्यंत थांबावे लागले, कारण त्या मानकावर चालणारे चांगले फोन बराच काळ फारसे कोणी बनवत नव्हते. त्या खटाटोपातून चिनी कंपन्यांना रेडिओ उपकरणे बनवण्याचा अनुभव मिळाला आणि पुढे ४जीच्या टीडी-एलटीई प्रकारात तो कामी आला, हेही मान्य केले पाहिजे. पण त्या अनुभवातून चीनने काढलेला निष्कर्ष आपल्या फॉरवर्डमधल्या निष्कर्षाच्या नेमका उलटा आहे. ५जीसाठी चीनने आयटीयूकडे जो प्रस्ताव दिला तो तांत्रिकदृष्ट्या थ्रीजीपीपीच्याच प्रस्तावाशी एकरूप ठरला, कोरियाचाही तसाच. वेगळी चूल मांडण्याऐवजी त्यांनी समाईक स्वयंपाकघरात माणसे पाठवली.

ती माणसे काय करत होती याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रिनो शहरात थ्रीजीपीपीच्या रेडिओ गटाची बैठक झाली. प्रश्न असा होता की ५जीमध्ये प्रसारणातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी कोणता संकेत वापरायचा. क्वालकॉम ही अमेरिकी चिप कंपनी व इतर अनेकजण ‘एलडीपीसी’च्या बाजूने होते, तर हुआवे एर्दाल आरिकान या तुर्की संशोधकाने शोधलेल्या ‘पोलर’ संकेताच्या बाजूने. रात्री उशिरापर्यंत ताणाताण होऊन तडजोड झाली : ग्राहकाची माहिती एलडीपीसीने आणि नियंत्रणाचे संदेश पोलरने. गंमत अशी की २०१८ मध्ये चीनमध्ये लेनोव्हो कंपनीवर समाजमाध्यमांतून ‘देशद्रोहा’चा आरोप झाला, कारण रिनोच्या आधीच्या एका टप्प्यावर तिने एलडीपीसीच्या बाजूने कौल दिला होता, आणि कंपनीच्या संस्थापकांना जाहीर खुलासा करावा लागला. असले मजकूर फिरवण्याची हौस केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

सुरक्षेचा मुद्दा काही आवृत्त्यांमध्ये जोडलेला असतो, त्याला फार जागा देण्याची गरज नाही. हेरगिरी होते ती उपकरणांतून आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमधून, आणि त्यासाठी भारताने जून २०२१ पासून दूरसंचार उपकरणे केवळ ‘विश्वासार्ह स्रोता’कडूनच घेण्याची सक्ती केलेली आहे. संदेश गुप्त करण्याची पद्धत स्वतःची हवी असेल तर तीही समाईक मानकात घालता येते : चीनने आपला ‘झुक’ नावाचा गुप्तसंकेत ४जीच्या काळातच थ्रीजीपीपीच्या मानकात बसवून घेतला.

याच धाग्यातला एक घोटाळा मात्र सोडवला पाहिजे. मजकूर वाचणाऱ्याच्या मनात स्वदेशी मानक म्हणजेच स्वदेशी उपकरणे असे समीकरण तयार होते, आणि ते चुकीचे आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने १९९० च्या दशकात उभी केलेली ‘कॉर-डेक्ट’ ही बिनतारी दूरध्वनी प्रणाली स्वदेशी अभियांत्रिकीचे कौतुकास्पद उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ती युरोपीय डेक्ट मानकावर आधारलेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या ज्या स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण झाले, त्यात गाभा (जाळ्याची मध्यवर्ती यंत्रणा) सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचा, रेडिओ उपकरणे तेजस नेटवर्क्सची आणि एकत्रीकरण टीसीएसचे आहे. पण त्यातली प्रत्येक पेटी थ्रीजीपीपीच्या मानकाप्रमाणे बोलते, म्हणूनच कोणत्याही कंपनीचा बाजारातला साधा फोन त्यावर चालतो. ही उपकरणे उद्या आफ्रिकेत किंवा आग्नेय आशियात विकायची झाली तरी ती समाईक मानकामुळेच विकता येतील.

या सगळ्या प्रकरणात तक्रार करण्याजोगे काहीच नाही असे मात्र नाही. मानकात एखादी सोय ऐच्छिक म्हणून असणे आणि ती सोय दुकानातल्या फोनमध्ये प्रत्यक्ष चालू असणे यांत मोठे अंतर असते. अधिक पल्ल्याची ही मांडणी फोन बनवणाऱ्यांवर सरसकट बंधनकारक नाही, आणि चिप बनवणाऱ्याला किंवा मोबाइल कंपनीला तिच्यात रस नसेल तर ती कागदावरच राहते. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ती असावी आणि ७०० मेगाहर्ट्झच्या ग्रामीण टॉवरवर ती वापरली जावी, अशी अट सरकारला घालता येईल का, त्याचा ग्राहकावर किती भार पडेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ‘गाडले’ म्हणून ओरडणाऱ्यांपैकी तो विचारताना कोणी आढळत नाही.

राहिला ६जीचा मुद्दा. आयटीयूने ६जीची रूपरेषा नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली, आणि तिच्यातल्या सहा वापर-प्रकारांपैकी ‘सर्वव्यापी जोडणी’ हा एक आहे. दुर्गम भागाला जोडण्याचा हा विषय त्या यादीत यावा यासाठी भारताने पाठपुरावा केला होता. प्रस्ताव स्वीकारण्याचा काळ २०२७ ते २०२९ असा आहे. थ्रीजीपीपीमध्ये ६जी रेडिओचा अभ्यास २० व्या आवृत्तीत सुरू झाला असून त्याच्या रेडिओ गटांची बैठक ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरूला भरली होती. अशा बैठकीत एका विषयावर शेकडो लेखी प्रस्ताव येतात, प्रत्येकामागे महिनोन्‌महिने चालवलेली संगणकीय प्रारूपे असतात, आणि वर्षाला पाच-सहा बैठकांना, वेगवेगळ्या खंडांत, तीच माणसे सातत्याने हजर राहिली तरच त्यांचे म्हणणे शेवटच्या मसुद्यापर्यंत टिकते. आयआयटीतल्या एखाद्या गटाला हा खर्च स्वतःच्या संशोधन-निधीतून पेलत नाही आणि मोबाइल कंपन्यांना तो करण्याची निकड वाटत नाही. ‘भारत ६जी’ या उपक्रमाखाली जगातील ६जी पेटंटांपैकी १० टक्के वाटा मिळवण्याचे उद्दिष्ट आहे; २०२९ पर्यंतच्या या बैठकांना भारतातून किती अभियंते, कोणाच्या खर्चाने आणि सलग किती वर्षे जाणार आहेत, हे विचारले तर त्या उद्दिष्टाचे काय होणार याचा अंदाज आजच करता येईल.